वही, एरंडेल आणि ३३३ घोडे

दसऱ्याच्या सकाळी पार्सिपनीतल्या आमच्या ड्राइव्हवेत दोन गाड्या धुऊन पुसून उभ्या असतात. एक कॅमरी आणि दुसरी बीएमडब्ल्यूची एम-थ्री, २००५ सालची. दोघींना झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. शेजारचे अमेरिकन आजोबा दरवर्षी न चुकता विचारतात की लिंबू कशासाठी, आणि दरवर्षी आमचं उत्तर बदलतं. मागे एकदा आम्ही म्हटलं, "इन्शुरन्स!" त्यावर ते एम-थ्रीकडे बघत म्हणाले, "हिला एक लिंबू पुरणार नाही."

मंडळी, आजोबांचं बरोबर होतं. हा लेख त्या न पुरणाऱ्या लिंबाबद्दलच आहे.

निमित्त झालं मंडळाच्या उन्हाळी पिकनिकचं. भेळेच्या रांगेत एका तासात तीन निरनिराळ्या घरच्या आईवडिलांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. पोरगा किंवा पोरगी कॉलेज संपवून नोकरीला लागली आहे, म्हणते की नव्या सिव्हिकच्या पैशात दहा-पंधरा वर्षांची पोर्शे नाहीतर बीएमडब्ल्यू येते, तर तीच घेते. काय सांगायचं? "तुमच्याकडे आहे ना तसली गाडी," हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी होतं, आणि त्यातल्या 'तसली' या शब्दावरचा जोर आमच्या लक्षात आल्यावाचून राहिला नाही.

लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिलाय हे आधीच सांगून टाकतो. जिथे गाडीचं कौतुक जास्त झालंय असं वाटेल, तिथे पेन आमच्यातल्या गाडीवाल्याच्या हातात होतं असं समजा. जिथे डॉलरचा आकडा दिसेल, तिथे ते हिशेबवालीने काढून घेतलं होतं.

आम्ही १९९८ साली आलो. वायटूकेच्या लाटेत जे आले त्यांतले आम्ही. रूट ४६ च्या जवळचं एका बेडरूमचं अपार्टमेंट, लेक हायवाथाला नॉर्थ बेव्हर्विक रोडवरची वाणसामानाची खेप, आणि टोयोटा. टोयोटा घ्यायची, तेल बदलायचं, दोन लाख मैल चालवायची आणि विकतानाही बरे पैसे घ्यायचे, हे आपल्या लोकांत जवळजवळ शास्त्र आहे. आणि त्यात खोटं काहीच नाही. पण या शास्त्राचा एक तोटा होतो. इंजिनाची काळजी घ्यायची असते हेच माणूस विसरतो. टोयोटा बिचारी बोलत नाही, आपल्यालाही ऐकायची सवय राहत नाही.

आमच्या सांगलीच्या घरी असं नव्हतं. बाबांची फियाट होती, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला बनवलेली. रविवारी सकाळी चहा झाला की बॉनेट वर. (इथे त्याला हूड म्हणतात, हे कळायला आम्हाला वर्ष लागलं.) जुन्या धोतराच्या फडक्याने डिपस्टिक पुसायची, तेल बघायचं, रेडिएटरचं पाणी बघायचं, बॅटरीच्या टर्मिनलवर गरम पाणी ओतायचं, पॉइंटवर बारीक पॉलिश पेपर फिरवायचा. मग हात धुऊन लाल कापडी बांधणीची वही काढायची आणि एक ओळ लिहायची: तारीख, किलोमीटर, काम, रुपये. काही केलं नसेल तर "पाहिले, ठीक" एवढंच. वहीत 'पाहिले, ठीक' अशा शेकड्यांनी ओळी आहेत. बाबा २०१४ साली गेले आणि धाकट्या भावाने ती वही आमच्याकडे पाठवून दिली. पुढे दोन वर्षांनी आम्ही एम-थ्री घेतली. या दोन गोष्टींचा संबंध हिशेबवाली लावते, गाडीवाला नाकारतो. असो.

मुळात या गाड्या स्वस्त का मिळतात? २००१ साली अमेरिकेत आलेल्या त्या एम-थ्रीची नवी किंमत पंचेचाळीस हजार डॉलरच्या पुढे होती. आम्ही २०१६ मध्ये ८४ हजार मैल झालेली गाडी साडेअठरा हजाराला घेतली. गाडीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची आणि ती उघडणाऱ्या मेकॅनिकच्या तासाची किंमत उतरत नाही. हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून त्याचा चारा स्वस्त होत नाही. पहिल्या मालकाने मजा केली, दुसऱ्याने मजा केली आणि दुरुस्ती टाळली, तिसऱ्याच्या, म्हणजे आपल्या पोराच्या, गळ्यात थकबाकी. हे कोणी लबाडीने करतंच असं नाही. 'पुढच्या वर्षी बघू' असं म्हणत म्हणत होतं.

म्हणून गाडी बघायला गेलो की आम्ही रंग बघायच्या आधी कागद मागायचो. आमच्या गाडीच्या आधी दोन गाड्या आम्ही सोडल्या. एकीचा मालक म्हणाला की सगळ्या पावत्या घर बदलताना हरवल्या. दुसरीच्या पावत्या होत्या, पण टायरच्या आणि स्टिरिओच्या! तिसरीच्या फाइलमध्ये तेल बदलल्याच्या नोंदी तारखेवार होत्या, तरीही आम्ही ती त्रयस्थ मेकॅनिककडून तपासून घेतली. विकत घेण्यापूर्वीच्या या तपासणीला दोन-तीनशे डॉलर पडतात आणि बरेच जण ते वाचवायला जातात. तिच्यात सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन आणि हवा किती गळते ते मोजायला सांगा, गाडी रात्रभर थंड ठेवून सकाळी पहिल्यांदा सुरू करताना आवाज ऐका. विकणारा जर गाडी आधीच गरम करून ठेवत असेल तर का ते विचारा.

हिशेबवालीच्या तीन अटी होत्या. घराच्या कर्जाला हात लावायचा नाही, कॅमरी विकायची नाही, आणि गाडीच्या नावाने वेगळं खातं उघडून त्यात दरमहा दीडशे डॉलर टाकायचे, गाडी बिघडो न बिघडो. पहिल्या दोन अटी सोप्या होत्या. तिसरीने गाडी वाचवली.

आता इंजिनाकडे येऊ. एम-थ्रीच्या इंजिनात एका ओळीत सहा सिलिंडर आहेत, ३.२ लिटरचं इंजिन, ७,९०० फेऱ्यांना ३३३ अश्वशक्ती. मिनिटाला ८,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १३३. प्रत्येक पिस्टन ९१ मिलिमीटर खाली जातो आणि तेवढाच वर येतो, सेकंदाला १३३ वेळा, सरासरी ताशी ८७ किलोमीटर वेगाने, आणि दर वेळी दोन्ही टोकांना क्षणभर थांबून उलट फिरतो. हा सगळा धक्का जिथे क्रँकशाफ्टला बसतो, तिथे दोन अर्धगोल पातळ कवचं असतात, त्यांना रॉड बेअरिंग म्हणतात. धातूला धातू लागत नाही, मधे तेलाचा पडदा असतो, केसाहून कितीतरी पातळ. तो पडदा आहे तोवर इंजिन आहे.

२००१ ते २००३ दरम्यान बनलेल्या काही एम-थ्रींची इंजिनं ही बेअरिंग निकामी होऊन गेली होती. कंपनीने अमेरिकेत त्या गाड्या बोलावून बेअरिंग बदलून दिली आणि इंजिनाची वॉरंटी ६ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली. आमची गाडी त्यानंतरची, पण जुनी गाडी घेणाऱ्याने असा इतिहास वाचूनच पुढे जावं. पुढच्या पिढीची एम-थ्री, २००८ ते २०१३ ची आठ सिलिंडरची, तिच्याही रॉड बेअरिंगबद्दल मालक मंडळी कायम चिंतेत असतात. तिला तर डिपस्टिकच नाही. तेल किती आहे ते पडद्यावर बघायचं! बाबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी वही मिटून ठेवली असती.

तेलाबद्दल थोडं सविस्तर सांगतो. या इंजिनाला १०डब्ल्यू-६० जातीचं तेल लागतं. डब्ल्यू म्हणजे विंटर. थंडीत ते १० नंबरच्या तेलासारखं वागतं आणि तापल्यावर ६० नंबरच्या, म्हणजे चांगल्या दाट, तेलासारखं. कॅमरीला लागतं त्याच्या मानाने हे फार जाड. ज्यांनी डिसेंबरात सकाळी खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवली आहे, त्यांना थंड तेल म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. ऑइल चेंजच्या दुकानात घाईच्या वेळी कोणी साधं ५डब्ल्यू-३० ओतलं तर बाहेरून काही कळत नाही. आम्ही तेलाचे डबे स्वतः घेऊन जातो, आणि ते फोडताना समोर उभे राहतो. त्या मुलांना राग येतो. येऊ दे.

अनेक वर्षं बीएमडब्ल्यूच्या या गाड्यांना कॅस्ट्रॉलचं तेल घालत. २०१५ पासून बीएमडब्ल्यू शेलकडे गेली. या कॅस्ट्रॉलचं अमेरिकेतलं मुख्य ऑफिस वर्षानुवर्षं आपल्या वेनला होतं, पार्सिपनीपासून अर्ध्या तासाच्या आत, आणि बीएमडब्ल्यूचं अमेरिकेतलं मुख्यालय वुडक्लिफ लेकला, हेही न्यू जर्सीतच. पण गंमत नावात आहे. कॅस्ट्रॉल हे नाव कॅस्टर ऑइलवरून पडलं, म्हणजे आपलं एरंडेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विमानांच्या आणि शर्यतीच्या गाड्यांच्या इंजिनांसाठी चार्ल्स वेकफिल्डच्या कंपनीने तेलात एरंडेल मिसळलं, कारण तापलेल्या धातूला ते धरून राहायचं. लहानपणी रविवारी नाक दाबून एरंडेल घेतलेली आपली पिढी. रोग व्हायच्या आधी औषध, ही कल्पना आपल्याला नवी नाही. फक्त तेव्हा आई समोर उभी असायची.

तेल योग्य असून भागत नाही, ते तापू द्यावं लागतं. या एम-थ्रीच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याभोवती छोटे पिवळे दिवे आहेत. थंड इंजिनात ते पेटलेले असतात आणि तेल तापत जाईल तसा एकेक विझत जातो. दिवे विझेपर्यंत काटा त्यांच्यापलीकडे न्यायचा नाही. आमच्या घरापासून रूट ४६ वर यायला पाच मिनिटं लागतात, आणि जानेवारीत ते दिवे विझायला पंधरा. म्हणजे २८७ आणि ८० च्या फाट्यावर सगळे जोरात मर्ज होतात तेव्हा आम्ही म्हाताऱ्यासारखे उजव्या लेनमधून जात असतो, आणि मागचा हॉर्न वाजवतो. एवढी गाडी घेऊन हा असा का चालवतो, असं त्याला वाटत असणार. आणि ज्याचं ऑफिस तीन मैलांवर आहे, त्याने रोज ऑफिसला नेण्यासाठी अशी गाडी घेऊच नये. तेल कधी पुरतं तापतच नाही, त्यात ओल आणि गॅस साचत राहतो, आणि वर्षाला मैल कमी झाले म्हणून मालक खूष!

तेल आम्ही पाच हजार मैलांवर किंवा वर्षाने बदलतो, जे आधी येईल ते. गाडीतला इंडिकेटर याच्यापेक्षा बराच लांबचा आकडा दाखवतो. नवी गाडी तीन वर्षांनी परत करणाऱ्याला तो ठीक आहे. बदलताना जुनं फिल्टर कापून त्याच्या घड्या उन्हात बघायच्या. जरीसारखं काही चमकलं तर काळजी करायची. पैठणीला जर शोभते, तेलाला नाही.

आणि थोडं जुनं तेल बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवायचं. इंडियानात फोर्ट वेनला ब्लॅकस्टोन नावाची प्रयोगशाळा हेच काम करते. बाटली त्या पाठवतात, चाळीसेक डॉलरमध्ये रिपोर्ट येतो. अगदी आपल्या रक्ताच्या रिपोर्टासारखा. दहा लाख भागांत किती भाग लोखंड, तांबं, शिसं, ॲल्युमिनियम. सिलिकॉन वाढलं तर हवेच्या फिल्टरमधून धूळ शिरते आहे. सोडियम, पोटॅशियम वाढलं तर कूलंट तेलात जातंय का ते बघा. शिसं आणि तांबं वाढलं तर बेअरिंग झिजतंय. पण एका रिपोर्टवरून काही ठरवू नये. कोलेस्टेरॉलसारखंच, आकड्यापेक्षा चढ महत्त्वाचा.

आमच्या पहिल्या रिपोर्टात शिसं ६ होतं. दुसऱ्यात ९. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिसरा आला, त्यात १७.

आमचा मेकॅनिक कमी बोलतो. त्याने रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला की १७ ला कोणाचं इंजिन मरत नाही, पण ६ चं १७ का झालं ते मला सांगता येणार नाही. खालचं पॅन काढून बेअरिंग बदलायची तर तेवीसशे डॉलर. नाही बदलली आणि गेलं, तर दुसरं इंजिन, पंधरा ते वीस हजार. "आणि नाही गेलं तर?" हिशेबवालीने विचारलं. "तर तेवीसशे वाचले."

घरी येऊन आमचं चांगलंच वाजलं. त्या डिसेंबरात सांगलीला आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं. चार तिकिटं काढायची होती, भावाला खर्चात वाटा द्यायचा होता. गाडीच्या खात्यात तेव्हा अकराशे डॉलर. गाडीवाल्याचं म्हणणं, क्रेडिट कार्डावर करून टाकू. हिशेबवालीचं म्हणणं, ज्या गाडीसाठी आईच्या कार्यात हात आखडावा लागतो ती गाडी परवडत नाही, विकून टाक. दोन दिवस घरात कॅमरीच्या किल्ल्यांशिवाय कशाचाच आवाज नव्हता. शेवटी मार्ग निघाला तो साधा होता: चालवायचीच नाही. बिघाड चालवल्याने होतो, उभी ठेवल्याने नाही. टाकी भरली, ताजं तेल घातलं, टायरमध्ये थोडी जास्त हवा, बॅटरीला मंद चार्जर, वर चादर. आम्ही सांगलीला गेलो, आईला एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं. मार्चमध्ये टॅक्स रिफंड आला, खात्यातले दीडशे-दीडशे साठले होतेच, आणि एप्रिल २०१९ मध्ये बेअरिंग बदलली.

मेकॅनिकने बारा कवचं एका ट्रेमध्ये ओळीने मांडून दाखवली. दहा जवळजवळ गुळगुळीत, दोनवर झिजेचे चट्टे, तांबूस झाक नुकती दिसू लागलेली. "आणखी किती चालली असती?" तो म्हणाला, "चाळीस हजार मैल. किंवा पुढच्या शनिवारपर्यंत."

म्हणजे तेवीसशे फुकट गेले की कामी आले? सहा वर्षं होऊन गेली, आमचं अजून एकमत नाही. प्रतिबंधक कामाची हीच पंचाईत आहे. वाचलेलं इंजिन वाचलं होतं हे सिद्ध करता येत नाही. आम्ही ती बारा कवचं एका डब्यात ठेवली आहेत. कोणी पाहुणा फार चौकशी करू लागला की डबा बाहेर येतो.

बाकीची कामं थोडक्यात सांगतो. या इंजिनाच्या चोवीस व्हॉल्व्हची फट साधारण तीस हजार मैलांनी मोजून पत्त्यांनी सारखी करावी लागते. आत येणाऱ्या बाजूला ०.१८ ते ०.२३ मिलिमीटर, बाहेरच्या बाजूला ०.२८ ते ०.३३. इंजिन पूर्ण थंड लागतं, म्हणून गाडी आदल्या रात्रीच ठेवून यायचं. वॅनॉस नावाची यंत्रणा कॅमशाफ्ट पुढेमागे फिरवते, तिच्यात तेलाचा दाब ११५ बार असतो, टायरमधल्या दाबाच्या जवळजवळ पन्नासपट. तिचे सील आणि तिला फिरवणारे दोन छोटे दात आधीच तपासून घ्यावेत. दात तुटला तर तुकडा इंजिनात कुठे जाऊन पडेल ते सांगता येत नाही.

आता आमच्या स्वतःच्या गाढवपणाकडे येऊ, कारण तो सांगितल्याशिवाय हा लेख खोटा ठरेल. एवढी बेअरिंगची पूजा बांधली, आणि फसलो कुठे तर रबरी नळीत. कूलंटच्या नळ्या आणि प्लॅस्टिकचे जोड सतरा वर्षांचे झाले होते. प्लॅस्टिक मैल मोजत नाही, वर्षं मोजतं. वहीत आम्हीच लिहून ठेवलं होतं, "होज पाइप बदलणे, २०२१." गाडीवाल्याने त्याच्यापुढे पेन्सिलीने लिहिलं, "पुढच्या वर्षी."

ऑगस्ट २०२२ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन अटलांटिक सिटीला होतं, आठवत असेल. न्यू जर्सीच्या घरचं कार्य. हट्टाने एम-थ्री काढली. २८७ ने खाली, मग गार्डन स्टेट पार्कवे. ज्याला आपण चीझक्वेक म्हणायचो आणि आता जॉन बॉन जोव्हीचं नाव दिलंय, तो सर्व्हिस एरिया मागे पडला आणि हिशेबवाली म्हणाली, "कसला वास येतोय? जिलबीच्या पाकासारखा." गाडीवाला म्हणाला, बाहेरचा असेल. मंडळी, कूलंटचा वास गोडूसच असतो! मिनिटभरात तापमानाचा काटा मधली जागा सोडून उजवीकडे सरकला. तेवढं मात्र बाबांच्या फियाटने शिकवलं होतं. पुढच्या एक्झिटपर्यंत जाऊ, असा विचार करायचा नाही. शोल्डरला घेतली, इंजिन बंद, आणि झाकण उघडायला कोणी हात लावायचा नाही. पैठणी नेसून पार्कवेच्या कठड्यापलीकडे दीड तास उभं राहण्याचं वर्णन हिशेबवालीने लिहिलं होतं, ते गाडीवाल्याने संपादित केलं आहे.

टो ट्रक आला, उद्घाटन हुकलं. नळी फाटली होती. नळी, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप, प्लॅस्टिकची टाकी असं सगळं एकदम बदललं, आठशे चाळीस डॉलर. आणखी दोन मैल रेटली असती तर ॲल्युमिनियमचं हेड वाकलं असतं आणि मग आकडा वेगळाच झाला असता. ती पेन्सिलीची ओळ आम्ही खोडलेली नाही.

पिकनिकला ज्यांनी पोर्शेबद्दल विचारलं त्यांच्यासाठी: १९९७ नंतरच्या पहिल्या बॉक्स्टर आणि १९९९ नंतरची नाइन-इलेव्हन यांच्या इंजिनात एक मधला शाफ्ट असतो, त्याच्या बेअरिंगला आयएमएस बेअरिंग म्हणतात. ते गेलं तर सहसा इंजिनच जातं. यावर अमेरिकेत खटला झाला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. तिच्यात मे २००१ ते फेब्रुवारी २००५ या काळात बनलेल्या गाड्या होत्या. त्या तडजोडीची मुदत केव्हाच संपली, तेव्हा आता खर्च आपला. ते बेअरिंग गिअरबॉक्स काढल्यावरच हाताला लागतं, म्हणून क्लच बदलताना बदलून घेणं शहाणपणाचं. विकणाऱ्याला एवढंच विचारा, क्लच कधी बदलला आणि तेव्हा आयएमएसचं काय केलं? तो गोंधळला तर उत्तर मिळालं.

सुबारूची एसटीआय घेणाऱ्यांनी टायमिंग बेल्ट बघावा. कंपनी १ लाख ५ हजार मैल सांगते. तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात. बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरा. आणि ज्या इंजिनात गॅस थेट सिलिंडरमध्ये उडवतात, उदाहरणार्थ २००६ नंतरची ऑडीची आरएस-फोर, तिच्या व्हॉल्व्हवर काजळीचे थर बसतात. ते काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. खायचे ते अक्रोड नव्हे, नुसती टरफलं!

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. "इन्स्पेक्शन पास आहे" असं विकणारा सांगतो आणि आपले लोक विश्वास ठेवतात. ऑगस्ट २०१० पासून न्यू जर्सीत साध्या गाडीचं फक्त धुराचं, म्हणजे एमिशनचं, तपासतात. ब्रेकसुद्धा बघत नाहीत, मग इंजिनाची बेअरिंग कुठून? काचेवरचा स्टिकर म्हणजे गाडीच्या तब्येतीचं सर्टिफिकेट नव्हे. उलट एक अडचण आमची आम्ही ओढवून घेतली. हिवाळाभर उभी ठेवताना एका वर्षी बॅटरी सोडवली आणि मार्चमध्ये तशीच रॅन्डॉल्फच्या स्टेशनला नेली. कॉम्प्युटरची स्मरणशक्ती पुसली गेलेली, 'नॉट रेडी' म्हणून परत पाठवली. आठवडाभर हायवेवर आणि गावात चालवून नेली तेव्हा पास.

हिशेबवालीचं पान. २०१६ ते २०२५ या नऊ वर्षांत आम्ही गाडी ३१ हजार मैल चालवली. तेल, बेअरिंग, व्हॉल्व्ह, वॅनॉस, कूलंट, टायर आणि ब्रेक धरून चौदा हजार दोनशे डॉलर, म्हणजे महिन्याला सव्वाशेच्या वर. गॅस आणि इन्शुरन्स वेगळे. कॅमरीचा याच काळातला खर्च लिहू नये अशी गाडीवाल्याने विनंती केली आहे. ज्याच्या हाती पहिला पगार आला आहे आणि डोक्यावर कॉलेजचं कर्ज आहे त्याने हा आकडा आधी बघावा. गाडीच्या किमतीच्या पाव भाग रोख बाजूला ठेवायची तयारी नसेल, तर आमचं स्पष्ट मत, आत्ता घेऊ नये. सिव्हिक घ्यावी. पोर्शे कुठे पळून जात नाही. आणि ठेवता येत असतील, तर आईवडिलांनी नुसतं 'तसली' म्हणून नाक मुरडू नये. आमचा मुलगा सोळाव्या वर्षी आमच्याशी जेवणाच्या टेबलावर चार शब्द बोलत नव्हता, पण गाडीखाली बॅटरी धरायला तासभर बसायचा आणि तिथे काय काय बोलायचा! आता तो बॉस्टनला आहे, टोयोटा चालवतो. फोनवर पहिला प्रश्न, "शिसं किती आलं?"

भेळेच्या रांगेतल्या त्या तिघांपैकी एकाचा पोरगा येत्या शनिवारी सकाळी आठ वाजता एक बॉक्स्टर बघायला जाणार आहे. आम्हालाही बोलावलंय. विकणाऱ्याला फोन करून सांगितलंय की गाडी सुरू करून ठेवू नका. बॅटरी, आरसा आणि जुनं धोतराचं फडकं पिशवीत भरलं आहे. ज्या कोणाला बरोबर यायचं असेल त्यांनी साडेसातला आमच्या घरी चहाला यावं. कॅमरीने जाऊ.